वाचक विचारतात : पडद्यावरची सिस्टर

प्रश्न : आमचा हौशी गट एका नर्सच्या दुपारपाळीवर वीस मिनिटांचा लघुपट करतोय. धावपळ भरपूर दाखवली, तरी ताण जाणवत नाही. काय कमी पडतंय? — एक वाचक, फोंडा

उत्तर : तुमची नर्स पळते, पण तिचं हातातलं काम मध्येच सुटताना दिसत नसावं. वॉर्डात माणूस दमतो तो त्यानेच.

पाळी 2 ते 8 धरा. सुरुवात ओव्हर घेण्यापासून, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्डाची माहिती घेण्यापासून करा. सकाळची सिस्टर खाटेखाटेपाशी उभी राहून सांगते : ऑपरेशनचा कितवा दिवस, सलाईन किती उरलंय, लघवी किती झाली, कुठला रिपोर्ट यायचाय. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात 3 रुग्णांमागे 1 नर्स हवी, इतर रुग्णालयांत 5 मागे 1. तुमच्या वॉर्डात 24 खाटा आणि दोघीच ठेवा. ओव्हर अर्ध्यावर असताना एकीला ऑपरेशन थिएटरमधून पेशंट आणायला पाठवा. उरलेल्या अर्ध्या वॉर्डाची माहिती तिच्यापर्यंत पोचलेलीच नाही, हे प्रेक्षकाला कळलं की पुढच्या प्रत्येक प्रसंगात तो धास्तावलेला राहील.

मग सलाईन. 500 मिली 8 तासांत द्यायचं आणि सलाईनच्या नळीचा सेट 20 थेंबांना 1 मिलीचा असेल, तर मिनिटाला 21 थेंब येतात. म्हणजे 15 सेकंदांत साधारण 5. तुमच्या अभिनेत्रीला रोलर क्लॅम्पवर, म्हणजे थेंबांची गती कमीजास्त करणाऱ्या नळीवरच्या चाकावर अंगठा ठेवून, घड्याळाकडे बघत हे थेंब खरोखर मोजायला लावा. तिसऱ्या थेंबाला मागून हाक यावी, ‘सिस्टर, आवयक दुखता!’ (आईला दुखतंय!) तिने कोंकणीत ‘आयले’ (आले) म्हणावं आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावी. हा एक शॉट तोडू नका. पार्श्वसंगीतही नको.

संवादांबद्दल एक सांगावंसं वाटतं. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, गोव्याबरोबर सिंधुदुर्ग आणि कारवारकडचेही पेशंट येतात. एका खाटेशी कोंकणी, दुसरीशी मालवणी, तिसरीशी हिंदी आणि केसपेपर इंग्रजीत, असं ठेवा. सगळ्यांच्या तोंडी छापील मराठी घातलंत तर वॉर्ड खोटा वाटेल.

प्रश्न : एका चित्रपटात नर्स चुकीचं औषध देते. शिकलेली नर्स अशी चूक करेल? — एक वाचक, डिचोली

उत्तर : करू शकते, आणि बहुतेक वेळा ज्ञान कमी म्हणून नव्हे. औषध देताना पेशंट, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ या पाच गोष्टी जुळवायच्या, हे पहिल्याच वर्षी पाठ होतं. पण औषध भरताना फोन वाजला आणि ट्रे खाली ठेवला की ही साखळी तुटते. परत आल्यावर पहिल्यापासून तपासायला हवं. तेवढी सवड नसते, म्हणून ती आठवणीवर विसंबते.

त्यात औषधंच फसवी. पोटॅशियम क्लोराइडचा 10 मिलीचा अँप्यूल (औषधाची छोटी बंद कुपी) पाण्यासारखा स्वच्छ दिसतो. ते नेहमी सलाईनमध्ये विरळ करून, सावकाश द्यायचं. सिरिंजने थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणूनच ते साध्या औषधांच्या ट्रेमध्ये न ठेवता वेगळं ठेवतात आणि देण्याआधी दुसऱ्या सिस्टरला दाखवून घेतात. इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडे मिलीमागे 40 युनिटची आणि 100 युनिटची अशा दोन्ही कुप्या मिळतात. 40 च्या सिरिंजला लाल टोपी, 100 च्या सिरिंजला नारिंगी. 100 चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने खुणेबरहुकूम भरलं, तर अडीचपट मात्रा जाते आणि साखर धोकादायक उतरते. असा प्रसंग लिहायचा असेल तर कॅमेरा चेहऱ्यावरून काढून त्या टोपीवर न्या.

चूक लक्षात आल्यावर नुसतं रडणं दाखवू नका. औषध चालू असेल तर ते आधी बंद, लगेच डॉक्टरांना हाक, नाडी-रक्तदाब, इन्सुलिन असेल तर साखर, आणि रिकामा अँप्यूल जपून ठेवणं. नंतर घडलं ते वेळेसकट लिहायचं. हे लिहिताना पेन थबकतं, कारण शिक्षेची भीती असते. ज्या वॉर्डात चूक सांगणाऱ्यालाच झोडपतात, तिथे पुढची चूक दडपली जाते. तुमच्या कथेचा गाभा आम्हाला इथेच दिसतो.

प्रश्न : मॉनिटरवर सरळ रेष आली की शॉक देतात ना? — एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही. सरळ रेषेला शॉकचा उपयोग नसतो. छाती दाबत राहायची आणि अॅड्रेनालिन द्यायचं. दाब मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, कोपर ताठ. जिवंत नटावर इतकं दाबता येत नाही, म्हणून सिनेमात कोपर वाकलेले दिसतात. त्या शॉटपुरता सरावाचा पुतळा वापरा. आणि नंतर ट्रॉली आवरताना सुई पांढऱ्या न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. सुईला टोपण परत लावताना तुमची सिस्टर दिसली, तर प्रेक्षकांतल्या सगळ्या नर्सेस तिथेच चूक ओळखतील.