सही होतेय तोवर नोटरीला घरी बोलवा

कोथरूडच्या एका वाचकाच्या वडिलांना मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जासंस्थेचा आजार) आहे. हात जवळजवळ गेलेत, रात्री बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र) लागतो, डोकं मात्र शाबूत. ‘व्हेंटिलेटरवर ठेवू नका, त्यापेक्षा सोडवा,’ असं ते म्हणतात. २०२१ मध्ये त्यांनी स्टॅम्प पेपरवर ‘शेवटी मला यातना देऊ नयेत’ एवढं लिहून सही केली. कागद कपाटात आहे. अमेरिकेतल्या भावाला सगळे उपचार हवेत. प्रश्न असा की, कोर्टाकडून इच्छामरणाची परवानगी मिळेल का?

इंजेक्शन देऊन मरण? नाही. औषध आणून हातात ठेवणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम १०८ (आत्महत्येला चिथावणी किंवा मदत) लागू शकतं, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. हा विषय इथेच सोडा.

उपचार नाकारणं ही वेगळी गोष्ट आहे. वडील आज शुद्धीत, समजून-उमजून ‘गळ्याला छिद्र पाडून नळी नको’ म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे. पेच येईल तो त्यांना सांगता येणार नाही त्या दिवशी, आणि तेव्हा तुमचा २०२१चा कागद उपयोगाचा नाही. त्यावर ना दोन साक्षीदार, ना नोटरी. त्याहून वाईट म्हणजे त्यातलं वाक्य. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८च्या निकालात स्पष्ट म्हटलंय, की लिव्हिंग विल (पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार हवेत-नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद) संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळाने ते अमलात आणू नये. ‘यातना नकोत’ यातून डॉक्टरने काय समजायचं? स्टॅम्प पेपरच्या किमतीने कागदाला बळ येत नाही. एवढी वर्षं तो कुणी वाचूनच पाहिला नाही, याचं मात्र नवल वाटतं.

तेव्हा याच आठवड्यात नवा करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२३च्या आदेशाने मॅजिस्ट्रेटच्या सहीची अट गेली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. साक्षीदार दोन, शक्यतो घराबाहेरचे. व्हेंटिलेटर, गळ्यातली नळी, हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, पोटात नळी घालून अन्न देणं: प्रत्येकाबद्दल हवं की नको, आणि कोणत्या अवस्थेत, ते नाव घेऊन लिहा. धाप आणि वेदना यांवरचं औषध चालू राहील, हेही लिहा. सही जमत नसेल तर अंगठा चालतो, पण मजकूर मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांनी होकार दिला अशी नोंद हवी. दबाव नव्हता आणि परिणाम समजले होते, असं साक्षीदारांनी व नोटरीने लिहायचं असतं. म्हणून शिवाजीनगर कोर्टाबाहेर माणूस न बघता शिक्का मारून आणू नका. नोटरीला घरी बोलवा, त्याच्या रजिस्टरमध्ये नोंद होऊ द्या. त्याच दिवशीचं न्यूरॉलॉजिस्टचं ‘निर्णयक्षमता आहे’ असं पत्र जोडा. ते सक्तीचं नाही, पण भाऊ भांडला तर तेच कामाला येईल.

एक प्रत फॅमिली डॉक्टरला, एक महापालिकेकडे; पोच घ्या.

पुढे हा कागद अमलात आणायची वेळ आली की रुग्णालयात डॉक्टरांची दोन मंडळं बसतात. पहिल्यात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ; दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्यात नसलेले दोन तज्ज्ञ. प्रत्येकाला ‘शक्यतो’ ४८ तास. या ‘शक्यतो’वर फार विसंबू नका. मंडळाने नकार दिला तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालय, आणि पुण्याला त्यासाठी मुंबईच गाठावी लागते. उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आपल्यासाठी नाही. तारीख कधी लागेल, सांगता येत नाही.

वडिलांच्या वतीने संमती कोण देणार, तेही कागदात असावं लागतं. एकाहून जास्त नावं चालतात. भावाचंही घातलंत तर रुग्णालय दोघांच्या सह्या मागेल असं धरून चाला. त्याचं नाव असावं की नाही, हे वडिलांना विचारा आणि ते विचारताना तुम्ही खोलीबाहेर थांबा.