पेशी आपल्याच, मग जपायचे कशाला?

प्रश्न : माझ्या यजमानांना मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग) असून अडीच महिन्यांपूर्वी मुंबईत त्यांच्याच, रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचे प्रत्यारोपण झाले. पांढऱ्या पेशींचा आकडा आता चांगला आहे, पण गडग्यापर्यंत चालले तरी ते दमतात आणि मासळीची चव त्यांना लागत नाही. परवापासून उजव्या बरगडीखाली पट्ट्यासारखी आग होत असून आज तिथे पाणीदार पुरळ दिसते. शेजारी नागीण म्हणून गेरूचा लेप सुचवतात. काय करावे? बागेत जायला ते अधीर झाले आहेत.
– एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, हे अंक निघेपर्यंत थांबण्यासारखे नसल्याने पत्र मिळताच आपल्याला फोनवर कळवले होते, इतरांसाठी येथे लिहितो. वर्णनावरून ही नागीणच वाटते. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती खालावली की डोके वर काढतो. विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेले उत्तम, आणि लेपात नेमका हाच वेळ जातो. शिवाय फुटलेल्या फोडांतून जंतुसंसर्ग होतो. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. प्रत्यारोपणानंतर अनेकांना ॲसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध काही महिने दिले जाते; यजमानांनी बरे वाटते म्हणून ते परस्पर बंद केले नाही ना, हे पाहावे.

पेशी स्वतःच्याच असल्याने परक्या पेशींनी शरीरावर उलटण्याचा धोका येथे नसतो. मात्र आकडा दोन-तीन आठवड्यांत सावरला तरी प्रतिकारशक्तीला पूर्ववत होण्यास बरेच महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. जुन्या लसींचे संरक्षणही ओसरते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या पुन्हा घ्याव्या लागतात. थकवा आणि तोंडाची गेलेली चव अनेकांत महिनोन्महिने रेंगाळते; तेवढ्यावरून आजार उलटला असे समजू नये. धाप किंवा कोरडा खोकला असल्यास मात्र लगेच कळवावे.

बागेत सावलीत बसण्यास हरकत नाही, पण पातेरा गोळा करणे, शेणखत उपसणे आणि गोठा झाडणे सध्या दुसऱ्याने करावे, कारण त्यातून उडणारे बुरशीचे कण फुप्फुसात जातात. विहिरीचे पाणी उकळूनच द्यावे. ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक झाला, तर गोळी देऊन सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे आणि प्रत्यारोपणाचे कागद सोबत न्यावेत. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुजन्य ताप) आणि डेंग्यूही असतात, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांना ही पार्श्वभूमी पहिल्याच वाक्यात सांगावी.