वाचकांचे प्रश्न : लिमिटरचा आकडा कुठून आणायचा?

प्रश्न : आमच्या बॉक्समध्ये १५ इंची, ८ ओहमचा, ५०० वॉटचा ड्रायव्हर (स्पीकरचं युनिट) आहे. ॲम्प ८ ओहमला १२०० वॉट देतो. ॲम्पच्या आधीच्या प्रोसेसरमध्ये लिमिटर (ठरलेल्या पातळीवर सिग्नल अडवणारा) लावला आहे, थ्रेशोल्ड (अडवायची पातळी) +१० डीबीयू. तरीही ड्रायव्हरच्या दोन कॉईल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) जळाल्या. चूक कुठे होतेय?

उत्तर : तुमच्या ॲम्पचा गेन (तो सिग्नल किती वाढवतो ते) ३२ डीबी असेल (बऱ्याच ॲम्पचा तेवढाच असतो), तर आत आलेला व्होल्टेज बाहेर साधारण ४० पट होतो. डीबीयू हे व्होल्टेजचंच माप, +१० डीबीयू म्हणजे २.४५ व्होल्ट. त्याचे ४० पट ९८ व्होल्ट, आणि ८ ओहमवर ९८ व्होल्ट म्हणजे बरोबर १२०० वॉट. थोडक्यात, तुमचा लिमिटर ॲम्पला क्लिप होऊ (क्षमता संपून लाटेची टोकं कापू) देत नव्हता, एवढंच. ड्रायव्हरला त्याचा काहीच आधार नव्हता.

लिमिटरला फक्त व्होल्ट कळतात, म्हणून आधी वॉटचे व्होल्ट करून घ्या. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५०० गुणिले ८ म्हणजे ४०००, वर्गमूळ ६३.२ व्होल्ट. इथे वॉटचा कोणता आकडा घेता याला फार महत्त्व आहे. डेटाशीटवरचा एईएस (ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या चाचणीचा) किंवा कंटिन्युअस आकडाच धरा. प्रोग्रामचा आकडा त्याच्या दुप्पट आणि पीकचा चौपट छापलेला असतो. प्रोग्रामवर हिशेब केलात तर लिमिटर पहिल्या दिवसापासून ३ डीबीने सैल राहतो.

आता ॲम्पचा गेन. पुस्तिकेत दिलेला असला तरी स्वतः मोजा, कारण अनेक ॲम्पच्या पाठीमागे तो बदलायचा स्विच असतो. स्पीकरच्या सगळ्या वायरी ॲम्पमधून काढा. ॲम्पचे नॉब पूर्ण उघडा. क्रॉसओव्हर (आवाजाचे बँड वेगळे करणारा) आणि लिमिटर तात्पुरते बायपास करा. ६० हर्ट्झची साइन (एकाच सुराचा शुद्ध सिग्नल) सोडा. ट्रू आरएमएस मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून प्रोसेसरच्या आउटपुटवर, एक्सएलआरच्या पिन २ आणि ३ मध्ये, ०.७७५ व्होल्ट येईपर्यंत लेव्हल जुळवा. हेच ० डीबीयू. मग तोच मीटर ॲम्पच्या आउटपुटवर लावा. ३१ व्होल्ट दिसले तर गेन ४० पट. ६० हर्ट्झ एवढ्यासाठी, की साधे मीटर मेन्सच्या आसपास खरं दाखवतात आणि काही किलोहर्ट्झवर चक्क खोटं बोलतात. ॲम्पचा गेन सगळ्या बँडला सारखाच असल्यामुळे एकदा मोजलेला हॉर्नलाही (वरच्या सुरांच्या युनिटलाही) चालतो. मोजताना टर्मिनलला हात लावू नका, हे व्होल्टेज जीव घेऊ शकतं. ऑसिलोस्कोप वापरणार असाल तर त्याची ग्राउंडची चिमटी ब्रिज आउटपुटच्या (ॲम्पचे दोन चॅनल जोडून केलेल्या) वायरीला कधीही लावू नका, ॲम्प शॉर्ट होईल.

६३.२ भागिले ४० म्हणजे १.५८ व्होल्ट, +६.२ डीबीयू. ही झाली ड्रायव्हरची कमाल मर्यादा. एईएसच्या मूळ चाचणीत ड्रायव्हर दोन तास पिंक नॉईज (खरखरीसारखा चाचणीचा सिग्नल) सोसतो. तुमचा बॉक्स सहा-आठ तास वाजतो, आणि आतली हवा तापलेली असते. म्हणून आरएमएस (सरासरी पातळी बघणारा) लिमिटर ३ डीबी खाली, +३.२ वर ठेवा. ही पॉवर निम्मी असली तरी कानाला फरक थोडाच जाणवतो.

पीक (टोकं अडवणारा) लिमिटर वेगळा लावायचा. कॉईल सरासरी उष्णतेने जळते, पण कोन एका दणक्यातही फाटतो. चाचणीच्या सिग्नलची टोकं सरासरीच्या ६ डीबी वर असतात, म्हणजे इथे १२६ व्होल्टपर्यंत. साइनच्या मापात ते +९.२ डीबीयू होतं. मात्र काही प्रोसेसर पीकचा थ्रेशोल्ड साइनच्या आरएमएसमध्ये दाखवतात, तर काही खऱ्या टोकामध्ये. खात्री करायला थ्रेशोल्ड +६ वर ठेवून साइन हळूहळू वाढवा. दिवा +६ ला लागला तर +९.२ बरोबर. +३ लाच लागला तर तुमचा प्रोसेसर टोक मोजतो, मग +१२.२ ठेवा.

प्रश्न : दोन ड्रायव्हर पॅरलल असलेल्या सबला (खर्जाच्या बॉक्सला) लिमिटर दुप्पट करायचा का?

उत्तर : मुळीच नाही. ८ ओहमचे, ५०० वॉटचे दोन पॅरलल म्हणजे ४ ओहम आणि १००० वॉट. १००० गुणिले ४ पुन्हा ४०००, वर्गमूळ तेच ६३.२. पॅरललमध्ये प्रत्येक ड्रायव्हरला पूर्ण व्होल्टेज मिळतो, त्यामुळे आकडा हलत नाही. १००० वॉट ८ ओहमला धरून हिशेब करणारे फार भेटतात, त्यांचा लिमिटर ३ डीबीने चुकतो. ॲम्प ब्रिज केलात तर मात्र गेन ६ डीबी वाढतो आणि थ्रेशोल्ड ६ डीबी उतरवावाच लागतो.

प्रश्न : लिमिटरचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ) अगदी कमी ठेवला की सब घरघरतो. का?

उत्तर : ४० हर्ट्झची एक लाट २५ मिलिसेकंदांची असते. अटॅक १ आणि रिलीज (सोडायचा वेळ) १० मिलिसेकंद ठेवलात, तर लिमिटर एका लाटेत दोनदा दाबतो आणि दोनदा सोडतो. लाटेचा आकारच बदलतो आणि त्यातून नको ते हार्मोनिक निघतात. घरघर ती हीच. अटॅक त्या बँडच्या हाय-पासवरून (खालचे सूर अडवणाऱ्या फिल्टरवरून) ठरवा. ३१ ते ६३ हर्ट्झला १६ मिलिसेकंद, ६३ ते १२५ ला ८, आणि १ ते २ किलोहर्ट्झला ०.५. रिलीज अटॅकच्या १६ पट, म्हणजे सबला २५६ मिलिसेकंद. इथून सुरुवात करून कानाने थोडं पुढे-मागे करा.

प्रश्न : लिमिटर असूनही हॉर्नचा डायफ्राम उडतो.

उत्तर : आधी बघा, बॉक्स पॅसिव्ह (वूफर-हॉर्नला मिळून एकच ॲम्प) आहे का? पॅसिव्हमध्ये एकच लिमिटर वूफरच्या (खर्जाच्या ड्रायव्हरच्या) हिशेबाने लावलेला असतो. माइकची शिट्टी ३ किलोहर्ट्झवर वाजली तर ती सगळी हॉर्नमध्ये जाते आणि वूफरच्या मापाने ती किरकोळच ठरते. खरा उपाय बाय-ॲम्प करणं (वूफर आणि हॉर्नला वेगळे ॲम्प देणं) हाच. ८० वॉट, ८ ओहमचा कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नमागचं युनिट) २५.३ व्होल्ट मागतो. त्याच ४० पट गेनला हे -१.८ डीबीयू होतं. वूफरच्या +६.२ पासून हे किती खाली आहे पाहा!

बॉक्स ॲक्टिव्ह असेल तर क्रॉसओव्हर किती खाली ठेवला आहे ते तपासा. तेवढ्याच आवाजासाठी फ्रीक्वेन्सी निम्मी झाली की डायफ्रामची हालचाल किमान दुप्पट होते. कंपनीने सांगितलेल्या किमान फ्रीक्वेन्सीखाली गेलात, तर लिमिटर बरोबर असूनही तो तुटतो. आणि लिमिटर ईक्यू व बँडच्या गेनच्या नंतर, अगदी शेवटी हवा.

सबच्या कोनचंही असंच. व्हेंट (हवेचं भोक) असलेला बॉक्स ट्यूनिंगच्या फ्रीक्वेन्सीखाली कोनला धरून ठेवत नाही. बॉक्स ४० हर्ट्झला ट्यून असेल तर ३५ च्या आसपास २४ डीबीचा हाय-पास लावा. हे काम लिमिटर करू शकत नाही.

प्रश्न : आरएमएस लिमिटरचा दिवा कार्यक्रमभर लागलेला असतो. चालेल?

उत्तर : अधूनमधून लुकलुकला तर चालेल. सतत पेटलेला असेल तर त्या जागेला तुमची सिस्टिम अपुरी आहे. कॉईल २२० अंशांपर्यंत तापली की तांब्याचा रेझिस्टन्स थंड असतानाच्या जवळजवळ १.८ पट होतो. त्याच व्होल्टेजला पॉवर अडीच डीबीने घटते, आवाज बसल्यासारखा वाटतो आणि हात आपोआप फेडरकडे जातो. तिथे हात आवरा. मिक्सरच्या मास्टरवरच्या कॉम्प्रेसरचा मेकअप गेनही (दाबल्यावर पुन्हा वाढवलेली पातळी) कमी करा, कारण कॉम्प्रेसर टोकं दाबून सरासरी वाढवतो. अशा वेळी पीक लिमिटर गप्प राहतो आणि कॉईल मात्र शिजत असते.

सगळं सेट झाल्यावर ॲम्पचे नॉब ज्या जागी मोजले तिथेच राहू द्या, शक्य असेल तर झाकण लावून बंद करा. मोजताना नॉब ६ डीबी खाली होते आणि नंतर कुणी पूर्ण उघडले, तर लिमिटर त्याच ६ डीबीने सैल झाला, आणि प्रोसेसरच्या स्क्रीनवर ते कुठेच दिसणार नाही.