वडिलांची कादंबरी, भावाची सही आणि पडद्यावरची गोष्ट

प्रश्न : माझे वडील मराठीत लिहीत. त्यांची एक कादंबरी 1988 साली प्रसिद्ध झाली, आजही तिच्या आवृत्त्या निघतात. 2016 मध्ये बाबा गेले. मृत्युपत्र केलेलं नाही. घरात आई, मी आणि धाकटा भाऊ. एका निर्मात्याला या कादंबरीवर चित्रपट काढायचा आहे. भावाने आम्हाला न विचारता 51 हजार रुपये टोकन घेतलं आणि 'कादंबरीचे चित्रपटाचे हक्क देत आहोत' अशा पावतीवर सही केली. आता इंग्रजी करार आलाय : तीन लाखांत सर्व माध्यमांचे सर्व हक्क, कायमचे. 'लेखकाचे नैतिक हक्क वारसांनी सोडून दिले आहेत' असंही त्यात आहे. प्रकाशक म्हणतात, आमचीही परवानगी लागेल. बाबांनी 1990 च्या सुमारास एका दिग्दर्शकाला पत्राने नकार कळवला होता, कारण त्याला शेवट बदलायचा होता. आई म्हणते, त्यांना जे नको होतं ते आपण का करायचं? भाऊ म्हणतो, चित्रपट आला नाही तर कादंबरी विसरली जाईल. मी काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी तातडीचं काम. निर्मात्याला याच आठवड्यात स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, आणि ईमेलनेही कळवा की या कादंबरीच्या हक्कांत तुमचा आणि आईंचा हिस्सा आहे, भावाला तुमच्या वतीने सही करण्याचा अधिकार तुम्ही दिलेला नाही आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय कामाला सुरुवात करू नये. भाषा सभ्य ठेवा, धमकी नको. पण पत्र जाऊ द्या. तुम्ही गप्प राहिलात, दरम्यान पटकथा झाली, कलाकार ठरले, चित्रीकरण सुरू झालं, तर उद्या तोच निर्माता कोर्टात म्हणेल की यांना सगळं माहीत होतं आणि यांनी हरकत घेतली नाही. प्रदर्शनाच्या तोंडावर मनाईहुकूम मागायला धावत येणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये 'फिल्लौरी' चित्रपटाच्या प्रकरणात कडक शब्दांत सुनावलं होतं. उशिरा जागं झालेल्याची बाजू खरी असली तरी लंगडी पडते.

आता भावाच्या पावतीकडे येऊ. मृत्युपत्र नाही, म्हणून हिंदू उत्तराधिकार कायदा तुम्हाला लागू होत असेल तर आई, तुम्ही आणि भाऊ असे तिघे समान वाटेकरी. घर आणि शेतीसारखाच कॉपीराइटही वारशाने येतो, पण सात-बाऱ्यावर तो कुठे दिसत नसल्यामुळे घरोघरी तो विसरला जातो. भाऊ फार तर स्वतःच्या एक तृतीयांश हिश्श्यापुरतं बोलू शकतो. सहमालकांपैकी एकाने बाकीच्यांच्या संमतीशिवाय परवाना दिला तर तो चालत नाही, अशीच आपल्या न्यायालयांची भूमिका राहिली आहे. म्हणजे त्या पावतीच्या बळावर निर्मात्याला चित्रपट काढता येणार नाही.

तरी ती पावती किरकोळ समजू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क देण्यासाठी लेखी कागद आणि देणाऱ्याची सही लागते, आणि तुमच्या भावाने दोन्ही दिलंय. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत धरतो. म्हणजे अर्धवट कागदातल्या काही जागा कायदा स्वतःच भरून काढतो. तुमचा हिस्सा यामुळे जात नाही, पण निर्माता भावाविरुद्ध पैसे परत आणि नुकसानभरपाई असा दावा करू शकतो. भाऊ अडचणीत यावा असं तुम्हालाही वाटत नसणार. त्याला हे शांतपणे समजावून सांगा आणि मूळ पावतीची प्रत ताब्यात घ्या.

यापुढचं काम कपाटातलं आहे. कादंबरीची पहिली आवृत्ती काढा आणि शीर्षकपानाच्या मागचं पान बघा. मराठी पुस्तकांत त्या पानावर कॉपीराइटच्या खुणेपुढे लेखकाच्या पत्नीचं नाव छापायची पद्धत फार जुनी आहे. तुमच्या आईंचं नाव तिथे असण्याची दाट शक्यता मला वाटते. तसं असेल तर प्रश्न पडेल की हक्क एकट्या आईंचेच का? माझ्या मते नुसतं नाव छापल्याने हक्क हस्तांतरित होत नाहीत, त्यासाठी बाबांच्या सहीचा वेगळा कागद लागतो. पण असा कागद खरोखर सापडला, तर सगळं चित्र पालटतं आणि निर्णय आईंच्या एकटीच्या हातात जातो. म्हणून जुन्या फाइली, प्रकाशकाची पत्रं, मानधनाच्या नोंदी, सगळं एकदा चाळा. रॉयल्टीचे चेक आजवर कोणाच्या नावाने आले, तेही बघा.

प्रकाशकांचं म्हणणं त्यांच्या करारावर अवलंबून आहे. 1988 च्या आसपासचे बरेचसे मराठी करार म्हणजे एक-दोन पानी पत्रं असत, आणि त्यांत 'पुस्तकरूपाने प्रकाशित करण्याचा हक्क' एवढंच लिहिलेलं असे. तुमच्याकडच्या कागदात तेवढंच असेल तर चित्रपटासाठी प्रकाशकाची परवानगी लागत नाही. कायद्याने पुस्तक छापणं आणि त्यावर चित्रपट काढणं हे वेगवेगळे हक्क आहेत. 'रूपांतरासह सर्व हक्क' असे शब्द असतील तर मात्र तो करार वकिलाकडे घेऊन जा. प्रकाशकांकडे कराराची प्रत मागा. प्रत दाखवता येत नसेल तर तोंडी दाव्यावर विसंबून त्यांना हिस्सा कबूल करू नका. अर्थात चित्रपट आला की पुस्तकाची मागणी वाढते आणि ती पुरवणार तेच आहेत, तेव्हा संबंध तोडू नका.

आता बाबांची इच्छा. ती मृत्युपत्रात किंवा करारात नसल्याने वारसांवर कायद्याने बंधनकारक नाही. तुम्ही तिघांनी ठरवलं तर चित्रपट निघू शकतो. आणि तिघांपैकी एकाने नाही म्हटलं तर तूर्त अडतो. पण ताई, ते जुनं पत्र मला तुमच्या सगळ्या कागदांत सर्वांत मोलाचं वाटतं. ते पुन्हा नीट वाचा. तुम्ही लिहिता तसं असेल, तर बाबांचा विरोध शेवट बदलण्याला होता. चित्रपट या गोष्टीलाच ते नाही म्हणत होते असं त्यावरून दिसत नाही. आईंशी बोलताना हा फरक त्यांच्यासमोर ठेवा. बाबांना नेमकं काय नको होतं ते त्यांच्याच अक्षरात तुमच्याकडे आहे, आणि तेवढं कराराच्या अटीत उतरवता येतं.

कादंबरीवर चित्रपट काढूच नये, हे मत मला पटत नाही. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी 1979 मध्ये चित्रपट केला. दोन कादंबऱ्यांचा एक चित्रपट करायचा म्हणजे केवढं तरी गाळावं, जोडावं लागलं असणार. पण राजकारणाचं जे दर्शन साधूंनी घडवलं होतं ते शाबूत राहिलं, आणि ज्यांनी कादंबऱ्या हातात घेतल्या नव्हत्या त्यांच्यापर्यंतही ते पोचलं. पात्रं कमी होणं, गाव बदलणं, एखादं प्रकरण सुटणं याला घाबरू नका. ज्या आशयासाठी बाबांनी लिहिलं, तोच उलटा केला जातोय का, एवढं बघा. तिथे मात्र तसूभर मागे हटू नका.

कायदाही नेमका इथेच तुमच्या बाजूला उभा राहतो. कलम 57 प्रमाणे हक्क विकल्यानंतरही लेखकाकडे दोन गोष्टी उरतात : आपण लेखक आहोत हे सांगण्याचा अधिकार, आणि आपल्या मानाला किंवा लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार. लेखकाच्या पश्चात वारस ते बजावू शकतात. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी' या हिंदी कादंबरीवर चित्रपट झाला तेव्हा त्यांनी हक्क रीतसर दिलेले होते, तरी कथेच्या विपर्यासाविरुद्ध त्या कोर्टात गेल्या. 1986 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की माध्यम बदललं की काही बदल ओघाने येतात, पण हक्क देण्याचा करार कलम 57 च्या अधीनच वाचावा लागतो, करारातल्या अटींनी हे विशेष हक्क पुसता येत नाहीत. आज तुमच्यापुढच्या मसुद्यात 'नैतिक हक्क सोडून दिले' हे वाक्य घातलंय ते यासाठीच. ते कोर्टात टिकेल की नाही यावर वर्षानुवर्षं भांडण्यापेक्षा आत्ताच पेनने खोडा. निर्माता त्या एका वाक्यासाठी अडून बसला, तर त्याच्या मनात काय आहे ते तुम्हाला कळेल.

करार करायचा ठरलाच, तर तीन लाखांचा आकडा बाजूला ठेवा आणि 'सर्व', 'कायमचे' या शब्दांकडे बघा. बाबांच्या कादंबरीचा कॉपीराइट 31 डिसेंबर 2076 पर्यंत आहे, कारण निधनानंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून 60 वर्षं मोजतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क 2010 अखेर संपला, आणि आज 'श्यामची आई'वर चित्रपट काढायला वारसांची परवानगी लागत नाही. तुमच्या घरात हा हक्क अजून पन्नासेक वर्षं आहे. तो तीन लाखांत एका सहीने देऊन टाकू नका.

त्याऐवजी आधी ठरावीक मुदतीचा पर्याय द्या, ज्याला चित्रपटवाले ऑप्शन म्हणतात : दीड-दोन वर्षं कादंबरी त्यांच्यासाठी राखून ठेवायची, त्याचे थोडे पैसे, आणि त्या काळात चित्रीकरण सुरू झालं नाही तर हक्क आपोआप परत. कायद्यातही अशी सोय आहे. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर हस्तांतरण संपुष्टात येतं, पण करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. तुमच्या मसुद्यात 'कलम 19(4) लागू होणार नाही' अशी ओळ कुठेतरी असेलच, शोधा. हक्क द्यायचा तो एका भाषेतल्या एका चित्रपटाचा. वेबमालिका, नाटक, पुढचा भाग, इतर भाषांतली पुनर्निर्मिती, हे सगळं तुमच्याकडे राखीव असल्याचं शब्दांत लिहून घ्या. ओटीटी आणि टीव्हीवरच्या उत्पन्नातल्या वाट्याचं कलमही स्वतंत्र घाला. 2012 च्या दुरुस्तीने लेखकांना रॉयल्टीचं संरक्षण दिलंय, पण तेवढ्या भरवशावर राहू नका.

आणि बाबांचं ते पत्र. त्याची प्रत कराराला परिशिष्ट म्हणून जोडा आणि कलम घाला की कादंबरीचा शेवट वारसांच्या लेखी संमतीशिवाय बदलला जाणार नाही. पटकथा दोनदा तुमच्याकडे यावी, एकदा पहिला खर्डा आणि एकदा चित्रीकरणापूर्वीची अंतिम प्रत. मत कळवायला तुम्हाला पंधरा दिवस असावेत. प्रत्येक संवादावर नकाराधिकार मागू नका. असा करार कोणताही शहाणा निर्माता करणार नाही, आणि दिग्दर्शकाला त्याचं काम करू दिलं पाहिजे. श्रेयनामावलीत बाबांचं नाव आणि कादंबरीचं नाव कुठे, किती मोठं येणार, पोस्टरवर येणार का, तेही लिहा.

शीर्षकाबद्दल थोडं. चित्रपट महामंडळाकडे शीर्षक नोंदवलंय असं निर्मात्याने सांगितलं तर दबून जाऊ नका. ती धंद्यातल्या लोकांची आपसातली व्यवस्था आहे, तिने कथेवर हक्क मिळत नाही. मात्र नुसत्या शीर्षकाला कॉपीराइटचं संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये 'देसी बॉइज'च्या प्रकरणात स्पष्ट केलंय. तेव्हा करार मोडला तर कादंबरीचं नाव वापरणार नाही, ही हमी करारातच हवी.

बोलणी फिसकटली आणि त्याने 'प्रेरणा घेतली' म्हणत वेगळा चित्रपट काढला तर? नुसत्या कल्पनेवर कोणाची मालकी नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद प्रकरणात सांगितलंय. पण पुस्तक वाचलेल्याला चित्रपट बघून 'ही तर तीच गोष्ट' असं ठामपणे वाटत असेल, तर ते उल्लंघन, हा निकषही त्याच निकालातला. दावा तुम्हाला सांगलीच्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो, मुंबईला खेटे घालायची गरज नाही. तोवर त्याच्याशी झालेले सगळे मेसेज आणि ईमेल जपून ठेवा, आणि बाबांची अप्रकाशित टिपणं, हस्तलिखितं त्याला दाखवू नका.

मसुदा समजेल अशा मराठीत मागा. आईंनी तो स्वतः वाचल्याशिवाय कोणीही सही करू नये. या अटींना निर्माता तयार नसेल तर 51 हजार रुपये भावाच्याच खात्यातून बँकेमार्फत परत पाठवा, सोबत पत्र द्या, मूळ पावती परत मागा आणि तिच्यावर 'रद्द' लिहून दोघांच्या सह्या घ्या. रोख पैसे मध्यस्थाच्या हातात देऊ नका.