काळा भुंगेरा पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

इलिओडीस हा काळा भुंगेरा बघायचाय ना? मग भर दुपारी माळ तुडवू नका. पश्चिम उत्तर अमेरिकेच्या कोरड्या गवताळ भागात उन्हाळ्यात तो तिन्हीसांजेनंतर फिरतो. दिवसा दगड-ओंडक्यांखाली असतो. उचललेला दगड होता तसाच परत ठेवा, ही कळकळीची विनंती.

डिवचलं की तो डोकं खाली टेकवून मागचा भाग वर करतो. तिथेच थांबा! नाहीतर तिथून क्विनोन नावाची झोंबरी रसायनं असलेला उग्र द्राव सुटतो. बोटांवर डाग पडतात, डोळ्यांत गेला तर भयंकर झोंबतो. टोळउंदीर हा किडे खाणारा उंदीर मात्र भुंगेऱ्याचं बूड मातीत खुपसून त्याला डोक्याकडून खातो. काय हुशारी!

उडून जाईल ही धास्ती नको. वरचे कठीण पंख जुळलेले असतात, आणि त्यांखालची पोकळी शरीरातला ओलावा टिकवते.