केबल चोरी, ठाण्यातल्या चकरा आणि गावातली पोलीस मिटिंग: माझा अनुभव

तुम्ही विचारलं की विहिरीवरची केबल चोरीला गेली, ठाण्यात तीन चकरा झाल्या तरी "अर्ज ठेवून जा" एवढंच म्हणतात, एफआयआर होत नाही, आणि पोलीस गावात येऊन मिटिंग घेतात त्याचा काही उपयोग असतो का. या दोन्हीतून मी गेलेलो आहे म्हणून जरा लांब लिहितो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, वर्धा नदीच्या अलीकडच्या काठचा शेतकरी. मागच्या एका दिवाळीनंतर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलो तर मोटर विहिरीत होती, केबल नव्हती, स्टार्टरखाली बोटभर वायर लोंबत होती, कटरने साफ कापलेली. थोडं पुढं धुऱ्यावर पळसाखाली काळी राख आणि वितळलेल्या प्लास्टिकचा गोळा, अजून वास येत होता. म्हणजे रातच्यालाच जाळून तांबं काढून नेलं. त्याच राती आमच्या शिवारात चार विहिरींवरच्या केबली गेल्या.

ठाण्यात टेबलावर जो होता त्याने विचारलं किंमत किती. मी म्हटलं नऊ हजार. तो म्हणे, "जुनी हाये ना काका, चार लिहा." मी लिहिलं. वाटलं जुनी तर आहेच, खोटं कशाला लिहा. इथंच मी फसलो, आणि तुमचंही असंच झालं असेल तर अर्ज काढून बघा. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्यात 5000 रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे एनसी, नुसती अदखलपात्र नोंद, लिहिली की झालं, कोर्टाच्या ऑर्डरशिवाय पोलिसांना तपास करताच येत नाही. चार हजार आणि नऊ हजार यात केसचं अख्खं नशीब बदलतं. त्याने मुद्दाम केलं की सवयीनं, ते मी सांगू शकत नाही, पण नुकसान माझं झालं.

मग आम्ही चौघं शेतकरी सोबत गेलो, प्रत्येकाचा अर्ज वेगळा, सोबत केबलच्या बिलाची झेरॉक्स, राखेचा फोटो. दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक नंबर. पोच द्यायला कां-कू करतील, तुम्ही बसून राहा, आवाज चढवू नका, फक्त उठू नका. तोंडी सांगितलेलं ठाण्याच्या पायरीवरच राहून जाते, नंबर पडलेला कागद साहेब बदलला तरी फाईलीत राहतो.

तरीही झालं नाही तर तेच सगळं स्पीड पोस्टाने एसपी साहेबांना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा. नव्या कायद्यांपैकी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) मध्ये ही सोय स्पष्ट लिहिलेली आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर घ्यावाच लागतो हे सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ललिता कुमारीच्या केसमध्ये सांगितलं. आता चोरीसारख्या काही गुन्ह्यांत डीवायएसपीची (पोलीस उपअधीक्षकाची) परवानगी घेऊन आधी चौकशी करता येते, पण ती 14 दिवसांत संपवायची असते, म्हणून "चौकशी चालू आहे" म्हणाले तर कोणत्या तारखेपासून, ते लिहून मागा. एसपीकडूनही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे त्याच संहितेच्या कलम 175(3) खाली जाता येते, त्याला शपथपत्र लागते, वकील करावा लागेल. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, आणि तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आमचे अर्ज पोस्टाने एसपींकडे गेल्यावर एसडीपीओ (उपविभागीय पोलीस अधिकारी) ऑफिसमधून फोन आला आणि एफआयआर झाला. केबल मिळाली नाही. पण रातची गस्त आमच्या पांदणीपर्यंत यायला लागली, आणि तालुक्यातल्या भंगारवाल्यांकडे जळकं तांबं कोण आणतो याची विचारपूस सुरू झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पोलिसांवरची तक्रार कुठं करायची, तर पोलीस कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, पण ते कोठडीतला मृत्यू, जबर मारहाण, बेकायदा अटक, पैसे उकळणे अशा गंभीर गोष्टींसाठी. केबलसाठी तिकडं जाऊ नका.

आता मिटिंगचं. आमच्याकडे आधी ठाणेदार साहेब यायचे, हार, चहा, भाषण, फोटो, गेले. बदल झाला तो एका रजिस्टरने. ग्रामपंचायतीत वही ठेवली, कोण काय बोललं, बीट जमादाराने (आमच्या भागातली गावं सांभाळणाऱ्या हवालदाराने) काय करतो म्हटलं ते लिहायचं, आणि पुढच्या मिटिंगला आधी तेच वाचायचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा जमादार गप्प झाले, दुसऱ्या वेळी स्वतःच वही मागून घेतली आणि झालेली कामं सांगितली. माणूस वाईट नव्हताच, त्यांच्या बीटात एवढी गावं की कोणाचं लक्षात राहणार.

एक मात्र जपा. आमच्या बायांनी भर मिटिंगमध्ये दारूवाल्याचं नाव घेतलं आणि संध्याकाळी तो एकीच्या दारात उभा. तेव्हापासून नाव मिटिंगमध्ये कोणीच घेत नाही, ग्रामसभेचा ठराव करून गावाच्या नावाने पाठवतो. पोलीस पाटलालाही यात एकटं सोडू नका, त्याची नेमणूक 1967 च्या कायद्याखाली एसडीओ (उपविभागीय अधिकारी, प्रांत) करतो पण राहायचं त्याला गावातच असते.

आणि तंटामुक्त समितीत धुऱ्याचे वाद मिटवा, पाण्याचे मिटवा. बाईला मारहाण झाली असेल तर "घरचं हाये, मिटवून टाका" म्हणू नका, हे मी हात जोडून सांगतो. आपल्याच विदर्भात वडसा-देसाईगंजच्या ठाण्यात 1972 साली मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला, सुप्रीम कोर्टातून ते दोघं सुटले, मग देशभर बाया रस्त्यावर आल्या तेव्हा 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. बाईला साक्षीसाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, जबाब तिच्या घरी येऊन घ्यावा लागतो. हे गावातल्या प्रत्येक घरी माहीत पाहिजे.

तुमच्यासाठी आधी बिल शोधा. घरी सापडत नसेल तर ज्या दुकानातून केबल घेतली तिथं जुनं बिलबुक असते, तारीख अंदाजे सांगितली तरी दुकानदार काढून देतो, माझं तसंच मिळालं.