माझा बजरीगर रात्री ठणठणीत होता, सकाळी पिंजऱ्यात मेलेला सापडला. माझं काही चुकलं का?

बहुधा नाही, पक्षी आजारपण शेवटपर्यंत लपवतात, रोज जवळून पाहणाऱ्यालाही ते कळत नाही. रानात अशक्त दिसणारा पक्षी आधी शिकार होतो, म्हणून पिंजऱ्यातलाही बळ संपेपर्यंत दांडीवर ताठ बसतो, दाणे टिपल्यासारखं करतो आणि नुसतीच टरफलं उडवतो. नक्की कारण हवं असेल तर शवविच्छेदन हाच मार्ग: शरीर पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीजरमध्ये नको) आणि लगेच पशुवैद्यांकडे न्या. घरात आणखी पक्षी असतील तर हे टाळूच नका. मात्र नॉनस्टिक भांडं रिकामंच खूप तापलं होतं का, तेवढं आठवून पाहा. त्याच्या लेपातून निघणाऱ्या विषारी वायूने पक्षी काही मिनिटांत दगावतात. आणि रडू येत असेल तर मोकळेपणाने रडा, 'एवढासा तर पक्षी' म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका.